झाकण दिवसातून दोनदाच

चौदा मार्चला आमच्या कार्यशाळेला एक लाख ब्याऐंशी हजार चारशे सत्तर रुपये पन्नास पैसे मंजूर झाले. ही रक्कम दूरच्या लष्करी तळांसाठी कमी इंधनात चालणारे बर्फयंत्र तयार करण्याकरिता होती, आणि यंत्र एकच करायचे होते. पन्नास पैसे कुठून आले, असे वरून दोनदा विचारण्यात आले. ते रबरी वॉशरचे होते. एक वॉशर साडेतीन रुपयांना पडत होता आणि यंत्राला तो एकच लागणार होता. अंदाजपत्रक मी केले होते. रक्कम पूर्ण रुपयांत यावी एवढ्यासाठी दोन वॉशर घेणे मला पटण्यासारखे नव्हते.

ज्यांच्या हातून हे यंत्र व्हायचे होते, त्यांना सगळी कार्यशाळा झाकणराव म्हणायची. कुठेही काही उघडे दिसले की ते जाताजाता म्हणायचे, "झाकण लावा." चहाची किटली, जेवणाचा डबा, ग्रीसचा डबा, माझी शाईची बाटली, कशालाही. बोलताना तोंड फार वेळ उघडे राहते हेही त्यांना आवडत नसावे, कारण ते स्वतः फार थोडे बोलायचे.

बर्फ विभागात ते एकटेच होते. बावीस वर्षांत त्यांनी तीन यंत्रे केली होती. पहिले भरपूर बर्फ करायचे, पण तळावरच्या दिव्यांना वीज उरू द्यायचे नाही. दुसरे वीज वाचवायचे, पण बर्फ करायचे नाही. तिसरे दोन्ही नीट करायचे, मात्र ते उचलायला सोळा माणसे लागायची आणि ज्या तळावर ते पाठवले तिथे माणसे होती चौदा. ते ट्रकमधून उतरलेच नाही. त्याच ट्रकने परत आले.

चौथ्या यंत्राच्या मंजुरीपत्रात शेवटची ओळ अशी होती: यंत्र चाचणीत उतरले नाही तर बर्फ विभाग बंद करून तेथील कर्मचारी पंखा विभागात वर्ग करावा. झाकणरावांच्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने होते. पंखा विभागाचे प्रमुख म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. या मेहुण्याला नोकरीला त्यांनीच लावले होते आणि पान्याचे कोणते टोक धरायचे हेही त्यांनीच शिकवले होते. पत्र आले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेहुणा आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"दाजी, तुमचं टेबल आखून ठेवलंय. खिडकीजवळ. वर पंखा आहे, पण तुम्ही तो लावणार नाही, म्हणून जुनाच ठेवलाय."

झाकणरावांनी डब्याचे झाकण लावले आणि म्हणाले, "अजून यंत्र व्हायचंय."

"होऊ द्या की. तीन झालीच आहेत."

मी हे सगळे जवळून पाहिले, कारण कार्यशाळेत माझे टेबल बर्फ विभागाच्या दारात होते आणि राहायला मी त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर होतो. घरच्या फ्रिजचे त्यांचे नियम त्यामुळे मला पाठ होते. फ्रिज दिवसातून दोनदाच उघडायचा: सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. आदल्या वेळेनंतर जे जे हवेसे वाटेल ते वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फ्रिजवर ठेवलेल्या पाटीवर लिहून ठेवायच्या. सात वाजले की झाकणराव मुठीला हात घालायचे, वहिनी मोठ्याने वाचायच्या, "दूध. लोणी. दोन टोमॅटो. औषधाची बाटली. उरलेली भाजी आत," आणि दार उघडून बंद व्हायचे. अकरा सेकंद. पाहुणे असले तर पंधरा. पाटीवर नसलेली वस्तू आठवली तर ती संध्याकाळी आठवली असे धरायचे.

त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिच्या घरी ते एकदाच गेले. ती फ्रिजचे दार उघडे ठेवून, उभ्याउभ्या, निवांत द्राक्षे खात होती. ते दुसऱ्याच दिवशी परत आले आणि तब्येतीचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते.

या नियमाला माझ्या माहितीत एकच अपवाद झाला, आणि तो आमच्यासाठी. माझ्या बायकोचा पाय जिन्यावर मुरगळला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आमच्याकडे फ्रिज नव्हता. मी वर गेलो, तर झाकणराव घड्याळाकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले. वहिनी म्हणाल्या, "अहो, पाय सुजतोय तिचा. घड्याळ काय बघताय?" त्यांनी फ्रिज उघडला आणि बर्फाचा एक ट्रे माझ्या हातात दिला. बारा खडे. मग पाटीच्या कडेला त्यांनी लिहिले: "उसने, बर्फ, १२ खडे, खालचा मजला."

"परत देताना बर्फच द्या," ते म्हणाले. "पाणी आमच्याकडे आहे."

चौथे यंत्र पाच महिन्यांत झाले. मी तांत्रिक माणूस नाही, पण त्यातली मुख्य गोष्ट मला समजली, कारण ती काटकसरीची होती. बर्फ वितळून जे गार पाणी खाली जमते ते फेकायचे नाही. त्याच्या नळ्या आत येणाऱ्या गरम पाण्याभोवती फिरवायच्या, म्हणजे ते आधीच अर्धे गार होते आणि यंत्राला उरलेलेच काम पडते. बाकी पेटीला वीतभर जाडीचे अस्तर आणि वर एकच मोठे झाकण. कार्यशाळेत दिवसाला साठ किलो बर्फासाठी तीन लिटर सहाशे मिलिलिटर डिझेल लागले. मर्यादा चार लिटरची होती. उचलायला चार माणसे पुरली. मेहुणा येऊन पाहून गेला, झाकण उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "छान गार आहे, दाजी." झाकणरावांनी त्याच्या हातातून झाकण काढून घेतले.

खरी चाचणी तळावर व्हायची होती. पंधरा दिवस, रोज साठ किलो बर्फ, आणि सगळे मिळून डिझेल साठ लिटरच्या आत. नियमाप्रमाणे डिझेल मोजायला अतांत्रिक माणूस लागतो. तांत्रिक माणूस यंत्राच्या बाजूने मोजतो, असा कोणाचा तरी अनुभव असावा. म्हणून मला पाठवले. दुसरा नियम असा की, यंत्र तयार करणाऱ्या विभागाच्या कर्मचाऱ्याने चाचणीत यंत्राला हात लावायचा नाही आणि कोणाला सूचनाही द्यायची नाही. त्याने हजर मात्र राहायचे. म्हणून झाकणरावही आले.

ट्रकने दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर झाड दिसणे बंद झाले. तळावर चाळीस माणसे होती, पत्र्याच्या सहा शेड होत्या आणि दुपारी त्या पत्र्याला चुकून पाठ लागली तर माणूस ओरडायचा. बर्फाची गरज खरी होती. उन्हाने माणसे पडायची, औषधे खराब व्हायची, दूध सकाळी आले तर दहापर्यंत फाटायचे. डिझेलचा टँकर महिन्यातून एकदा यायचा. तळाचे कमांडर आम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे एक लिटर पोचवायला टँकर स्वतः दीड लिटर पितो. तेव्हा तुमचं यंत्र किती पितं ते नीट बघा."

मी नीट बघितले. मला शिकवले आहे ते असे की मत लिहायचे नाही, जे झाले ते वेळेसह लिहायचे. मी यंत्राच्या शेडमध्ये टेबल लावून बसलो. आमचा दिवस संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पाचला संपायचा. पहिल्या दिवशी झाकण त्रेसष्ट वेळा उघडले गेले. कारणांचा रकाना मीच आखला होता, त्यात असे जमले: बर्फ काढणे चौदा, पाण्याच्या गरम बाटल्या ठेवणे किंवा काढणे एकोणीस, टोप्या गार करणे सहा, बघणे चोवीस.

बघणे म्हणजे नुसते बघणे. चार महिने बर्फ न पाहिलेला माणूस झाकण उघडायचा, आत तोंड घालायचा, डोळे मिटायचा आणि तसाच राहायचा. मागे रांग असायची. कमांडर स्वतः चार वेळा आले. त्यांच्या बघण्याला त्यांनी 'तपासणी' लिहायला सांगितले. मी तसे लिहिले आणि बेरीज बघण्यातच धरली.

झाकणराव शेडच्या दारात स्टुलावर बसायचे. हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. झाकण वाजले की डोळे मिटायचे, बंद झाले की उघडायचे. दिवसभर त्यांचे असे चालायचे. पहिल्या दिवशी डिझेल लागले पाच लिटर नऊशे. मग सहा लिटर आठशे, सहा लिटर चारशे, सहा लिटर शंभर. चार दिवसांत सव्वीस लिटरला आठशे मिलिलिटर कमी. उरलेल्या अकरा दिवसांना चौतीस लिटर आठशे, म्हणजे दिवसाला तीन लिटर एकशे साठपेक्षा थोडे जास्त. कार्यशाळेत, जिथे झाकण फक्त मोजमापासाठी तासातासाला उघडत होते, तिथेही एवढ्यात भागले नव्हते. हा हिशेब मी त्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"माझे वडील बर्फाची हातगाडी ओढायचे," ते म्हणाले. इतकी वर्षे शेजारी राहून हे मला माहीत नव्हते. "लादी भुशात ठेवायची, वर गोणपाट. लोक गाडी थांबवायचे, गोणपाट वर करायचे, आत बघायचे, हात लावायचे आणि म्हणायचे, नको आज. दहा जणांनी बघितलं की अकराव्याला विकायला लादी अर्धी. आई विचारायची, बाकीची कुठे गेली? वडील सांगायचे, लोकांनी बघितली."

त्या संध्याकाळी त्यांनी कमांडरांकडे घरी फोन करायची परवानगी मागितली. तळावर फोन एकच, कमांडरांच्या खोलीत. त्यावर पलीकडचे बोलणे सगळ्या खोलीला ऐकू यायचे, म्हणून मला दोन्ही बाजू माहीत आहेत.

"अगं, मी बोलतोय. बहुतेक पंख्यात जावं लागणार. तुझ्या भावाला सांगून ठेव."

"का? यंत्र बंद पडलं?"

"यंत्र उत्तम आहे. झाकण बंद राहत नाही."

"किती वेळा उघडतात?"

"आज अठ्ठावन्न."

पलीकडे पाटीवर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

"स्वयंपाक कोण करतं तिथे?" वहिनींनी विचारले.

"एक आचारी आहे."

"त्यांना फोन द्या."

"मला सूचना द्यायला मनाई आहे गं."

"तुम्हाला आहे. मला कोणी केलीय?"

झाकणरावांनी माझ्याकडे पाहिले. कमांडरांनीही पाहिले. मी नियमपुस्तिका उघडली. कलम नऊमध्ये 'यंत्र तयार करणाऱ्या विभागाचा कर्मचारी' असेच शब्द होते. कर्मचाऱ्याची पत्नी कर्मचारी नसते. पगारपत्रक मीच करतो, त्यामुळे त्याबद्दल मला शंका नव्हती. मी म्हणालो, "वहिनींना चालेल."

आचाऱ्याला बोलावले. वीस वर्षे फौजेचा स्वयंपाक केलेला, दारातून तिरके आत यावे लागणारा माणूस. हातात पळी तशीच.

"उद्या सकाळी पेटीतून काय काय काढणार?" वहिनींनी विचारले.

"ते उघडल्यावर बघतो."

"म्हणजे काय हवंय ते माहीत नसताना उघडून उभे राहता?"

"बघितल्याशिवाय सुचत नाही, बाई."

"माझा भाऊ असाच उभा राहायचा. आता पंखे दुरुस्त करतो."

पंख्यांबद्दल आचाऱ्याला काही माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्याचा चेहरा उतरला.

"कागद घ्या," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्याला किती लागतो बर्फ? दूध किती वाजता येतं? मांस असेल त्या दिवशी वेगळं लिहायचं. सात वाजता उघडायचं, सगळं एकदम काढायचं, सगळं एकदम ठेवायचं. मग थेट सहाला. मधे कोणी आलं तर?"

"कमांडर साहेब आले तर मी नाही कसं म्हणू, बाई? माझी नोकरी जाईल."

"तुम्ही नाही म्हणू नका. सांगा, वहिनींना विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला आचारी फोनपाशी उभा राहून यादी वाचत होता. वहिनींनी दोन बाबी कापल्या. जवानांच्या टोप्या, आणि 'इतर'. "इतर म्हणजे काय ते आठवलं की उद्या लिहा," असे त्यांनी सांगितल्याचे माझ्या नोंदीत आहे. सातला झाकण उघडले आणि चाळीस सेकंदांत बंद झाले.

दहा वाजता चार जवान बाटल्या घेऊन आले. आचाऱ्याने पेटीवर पाय सोडून बसत सांगितले, "यादीत नाही."

"कोणाच्या यादीत?"

"वहिनींच्या."

"कोण वहिनी?"

"तुला काय करायचंय? यादीत आहेस का तू?"

अकराला कमांडर आले. त्यांना ग्लासात बर्फाचे दोन खडे हवे होते. आचारी उठून उभा राहिला, पण पेटीवरच. कमांडर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतः फोन लावला. मी वेळ लिहायला मागोमाग गेलो होतो.

"मी तळाचा कमांडर बोलतोय."

"बोला भाऊजी."

कमांडरांना बहुधा बऱ्याच वर्षांत कोणी भाऊजी म्हटले नव्हते. ते खुर्चीत बसले. "दोन खडे बर्फ हवा होता. ग्लासात."

"सकाळी आठवलं नाही का?"

"सकाळी तहान नव्हती."

"आता किती वाजलेत?"

"अकरा."

"मग सहाला घ्या. आणि उद्याचे दोन खडे आजच लिहून ठेवा, म्हणजे परत असं व्हायचं नाही."

कमांडरांनी फोन ठेवला आणि बाहेर उभ्या असलेल्या शिपायाला मुख्यालयाचा आदेश सांगावा तशा आवाजात सांगितले, "सहा वाजता."

त्या दिवशी डिझेल तीन लिटर नऊशे लागले. पुढच्या दिवशी तीन चारशे, मग तीन दोनशे, तीन शंभर, तीन, तीन, दोन नऊशे. तळावर हळूहळू सगळेच वहिनींना विचारू लागले. दाढीचा साबण संपला तर उसना घ्यावा का, रजेचा अर्ज आता करावा की पुढच्या महिन्यात, असे प्रश्नही सहा चाळीसच्या फोनला जोडले जाऊ लागले. रजेच्या अर्जाबद्दल त्या म्हणाल्या की आता करा, आणि एकाला ती मिळालीही. झाकणराव स्टुलावरच बसायचे, पण हात आता मांडीवर असायचे. बायकोशी त्यांचे बोलणे मात्र होत नव्हते. फोनची तीन मिनिटे यादीतच संपायची.

चौदाव्या दिवसाअखेर एकूण छप्पन्न लिटर आठशे झाले. शेवटच्या दिवसाला तीन लिटर दोनशे उरले होते.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता मुख्यालयाचे परीक्षक आले. तीनला त्यांना परत निघायचे होते. बर्फ प्रत्यक्ष पाहिल्याची सही त्यांनी केली की चाचणी पूर्ण, नाहीतर सगळे रद्द. आल्या आल्या ते म्हणाले, "झाकण उघडा. बर्फ काढून वजन करायचं आहे."

आचारी पेटीवर जाऊन बसला.

मी पटकन हिशेब केला. तोवर दोन लिटर सातशे संपले होते. पाचपर्यंत आणखी चारशे लागणार हे आदल्या दिवसांवरून दिसत होते. म्हणजे शंभर मिलिलिटर हातात होते. साधे उघडणे पन्नासचे पडायचे, पण परीक्षक साठ किलो बाहेर काढून मोजणार. ते दीडशेच्या खाली जात नव्हते. मी कागद झाकणरावांपुढे धरला. त्यांनी आकडा पाहिला आणि हात परत मांड्यांखाली घातले.

आचारी पेटीवरून न उतरता म्हणाला, "साहेब, यादीत नाही."

परीक्षकांनी कमांडरांकडे पाहिले. कमांडर म्हणाले, "वहिनींना विचारावं लागेल."

फोन लावला. परीक्षक रिसीव्हर कानापासून लांब धरून बोलत होते. "बाई, मला बर्फ पाहिल्याशिवाय सही करता येत नाही."

"बर्फच बघायचाय ना? मग पेटी कशाला उघडता? सकाळी काढलेला बघा."

"तो कुठे आहे?"

"मला काय विचारता भाऊजी, मी आठशे किलोमीटर लांब आहे. दवाखान्यात वीस किलो गेलाय, त्यांना विचारा."

आम्ही सगळे दवाखान्याच्या शेडमध्ये गेलो. डब्यातला बर्फ बराचसा संपला होता, कारण सकाळीच एक जवान उन्हाने पडला होता. तो खाटेवर डोळे मिटून होता. कपाळावर, काखेत आणि मानेखाली बर्फाच्या पिशव्या. परीक्षकांनी चष्मा लावला, त्याच्या कपाळावरची पिशवी दोन बोटांनी उचलली, उघडली आणि आत पाहिले. मग एक खडा काढून उजेडात धरला.

जवानाने डोळे उघडले. "यादीत लिहिलंय का?" त्याने विचारले.

परीक्षकांनी खडा परत पिशवीत टाकला, पिशवी कपाळावर ठेवली आणि तिथेच, खाटेच्या पट्टीवर कागद टेकवून सही केली. शेरा असा: "बर्फ पाहिला. उपयोगात होता."

पाच वाजता मी डिझेल मोजले. दिवसाचे तीन लिटर शंभर. एकूण एकोणसाठ लिटर नऊशे. झाकणरावांना मी आकडा सांगितला. ते स्टुलावरून उठले, शेडमध्ये गेले आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच यंत्राला हात लावला. झाकण नीट बसले आहे की नाही एवढेच त्यांनी दाबून पाहिले.

मान्यतेचा आदेश सात आठवड्यांनी आला. बर्फ विभाग राहिला. यंत्र नऊ तळांना द्यायचे ठरले. तिसरी अट अशी होती की चाचणीत यंत्र ज्या पद्धतीने चालवले गेले, त्याच पद्धतीने ते सर्वत्र चालवावे. पद्धतीसाठी सोबतची नोंदवही पाहावी. नोंदवही माझी होती. तिच्यात अकरा वेळा, माझ्याच अक्षरात, लिहिलेले होते: "६.४०, आचाऱ्याने वहिनींना दूरध्वनीवर यादी वाचून दाखवली. मंजूर." आदेशाला जोडलेल्या सुट्या भागांच्या यादीत कॉम्प्रेसर एक, वॉशर एक, मापाचे भांडे एक, असे करत सतराव्या क्रमांकावर होते: वहिनी, एक, दूरध्वनीवर.

मी कळवले की हा यंत्राचा भाग नाही. उत्तर आले की, या भागाशिवाय चाचणी झाली होती काय? मी कळवले, चार दिवस झाली होती. त्या चार दिवसांचा निकाल कळवावा, असे उत्तर आले. मी तो कळवला. त्यानंतर त्या विषयावर पत्र आले नाही. फक्त एकदा, क्रमांक सतराची हमी किती वर्षांची धरावी, अशी विचारणा झाली. ती तांत्रिक होती म्हणून झाकणरावांकडे दिली. त्यांनी पेन उघडे ठेवून बराच वेळ विचार केला, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. मग लिहिले: "एकोणतीस वर्षे वापरात. तक्रार नाही."

फेब्रुवारीत ते बर्फ विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. विभागात ते एकटेच होते, पण दारावर प्रमुखाची पाटी होती. निरोपाच्या दिवशी मेहुणा आला होता. "दाजी, ते खिडकीजवळचं टेबल मी आता कोणाला देऊ?" त्याने विचारले.

"तूच बस," झाकणराव म्हणाले. "पंखा लाव हवा तर."

आता वहिनींना रोज सहा चाळीसपासून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने नऊ फोन येतात. शेवटचा सात वीसला येतो आणि साडेसातपर्यंत चालतो, कारण त्या तळावरचा आचारी तोतरा आहे. सातला उघडणारा घरचा फ्रिज त्यामुळे पुढे गेला. पहिल्या दिवशी झाकणराव सातला मुठीला हात घालून उभे राहिले. वहिनींनी रिसीव्हरवर हात ठेवून सांगितले, "थांबा जरा. तुमचा दहावा नंबर."

ते थांबले. अजूनही थांबतात. बसायला त्यांनी तिथे एक स्टूल ठेवले आहे. काही दिवस एखादा तळ जास्त वेळ घेतो, तेव्हा सकाळचा फ्रिज उघडतच नाही आणि ते बिनदुधाचा चहा पितात. वीज कमी लागते, असे ते म्हणतात. मी त्यांचे बिल पाहिले आहे. लागते.

मी स्वतः येत्या ऑक्टोबरात निवृत्त होतो आहे. टेबलावरचे सगळे कागद जागच्या जागी लावून झाले आहेत. आम्हीही गेल्या वर्षी फ्रिज घेतला आणि पहिल्या आठवड्यातच मी बर्फाचा ट्रे भरून वर गेलो. वहिनी पहिल्या तळाशी बोलत होत्या. त्यांनी पाटीकडे बोट दाखवले; मी तिच्यावर लिहिले, "खालच्या मजल्याकडून बर्फ आत ठेवणे." त्यांनी ओळ वाचली, मान हलवली आणि बोटांनी दहाच्या पुढचा आकडा दाखवला. मी जिन्यावर थांबलो. साडेसातला दार उघडले तेव्हा ट्रेमध्ये पाणी होते. त्यानंतर आणखी चार वेळा गेलो.

झाकणरावांच्या पाटीच्या कडेला ती ओळ अजून आहे. बारा खडे बर्फ माझ्याकडून देणे आहे.